ठोशांचा खेळ आणि लाथेची तार

टेबलावर मावेल अशी व्हिडिओ गेमची एक लहानशी पेटी घरी बनवावी, असा बेत आम्ही दोघांनी गेल्या वर्षी केला. एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या दोन माणसांना हे सुचावे याचे सहकाऱ्यांना नवल वाटले, ते स्वाभाविकच होते. पडदा, आतला छोटा संगणक, प्लायवूड हे सारे आठवड्याभरात ठरले. बटणे ठरवायला मात्र चार महिने लागले. बटणाला मराठीत ‘कळ’ हा जुना शब्द आहे आणि त्याच शब्दाला वेदना व भांडण असेही अर्थ आहेत. या चार महिन्यांत तिन्ही अर्थांचा प्रत्यय आला, एवढे सांगून विषयाकडे वळतो.

पार्लरमधले जुने खेळ आज घरच्या संगणकावर खेळता येतात याचे मोठे श्रेय ‘मेम’ या प्रणालीला जाते. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 1997 च्या फेब्रुवारीत तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मूळ यंत्रातली सर्किटे कशी वागत होती याची ती बारकाईने नक्कल करते. एका अर्थाने ते संहितेचे जतनच आहे. परंतु बटणाची तिला असलेली ओळख फार तुटपुंजी. बटण दाबलेले आहे किंवा नाही, एवढेच तिला कळते. ते किती जड होते, दाबताना आवाज करी की नाही, बोटाला खोलगट लागे की फुगीर, याची नोंद तिथे नाही. पाठ शाबूत आहे, उच्चार हरवला आहे. त्यामुळे घरी पेटी बनवणाऱ्याला, त्याची इच्छा असो वा नसो, इतिहासाचा निवाडा करावा लागतो.

बटणांची संख्या काळाबरोबर वाढत गेली, असे सरसकट विधान करण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. 1971 च्या ‘कॉम्प्युटर स्पेस’वर खेळण्यासाठी चार बटणे होती, दांडा नव्हताच. 1979 च्या ‘ॲस्टेरॉइड्स’वर पाच: डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे, पुढे रेटा, गोळी आणि संकटसमयी अंतर्धान पावणे. लगोलग 1980 मध्ये जपानच्या नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ आला. त्याला केवळ दांडा होता, बटण एकही नाही. पुढच्या वर्षीच्या ‘डाँकी काँग’ला उडी मारण्यापुरते एक. म्हणजे किती बटणे हवीत याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या खेळापुरते शोधलेले होते.

आज घरगुती पेटीसाठी लाकडावर आखणी करायला बसलेला माणूस बहुधा सवयीने सहा गोल काढतो. हे सहा आले कुठून, याची कथा आम्हाला सर्वांत वेधक वाटते. कॅपकॉमने 1987 मध्ये पहिला ‘स्ट्रीट फायटर’ काढला, तेव्हा त्याच्या एका मोठ्या आवृत्तीवर बटणांऐवजी दोन रबरी गाद्या बसवलेल्या होत्या. एक ठोशासाठी, दुसरी लाथेसाठी. गादीवर जितक्या जोराने आघात कराल तितका पडद्यावरचा वार जबर. कल्पना विलक्षण होती. माणसाच्या अंगातला जोर मध्ये कुठेही न अडता खेळात उतरावा, अशी त्यामागची आकांक्षा. प्रत्यक्षात खेळणारे थकत, त्यांचे हात दुखत, आणि गाद्यांनाही तो मार सोसत नसे. मग दुसरी आवृत्ती पुढे आली. तिच्यात जोराचे तीन तुकडे केले होते: हलका, मध्यम, जबर. ठोशाची तीन बटणे, लाथेची तीन. जोर हा अंगाचा गुण होता तो आता जागेचा झाला. कुठे दाबले याला महत्त्व आले, किती जोराने याला उरले नाही. 1991 मध्ये ‘स्ट्रीट फायटर 2’ ने हीच मांडणी स्वीकारली आणि ती जगभर रुजली. फसलेल्या एका प्रयोगाची तडजोड पुढे परंपरा म्हणून मिरवते, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही.

आता थोडे आमच्याविषयी. शाळकरी वयात ज्या पार्लरमध्ये आम्ही टोकने घालवली, तिथे ‘मुस्तफा’ होता (मूळ नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, 1993, आपल्याकडे तो त्यातल्या एका पात्राच्या नावानेच ओळखला गेला) आणि कोपऱ्यात ‘स्ट्रीट फायटर 2’. या दुसऱ्या यंत्रावर सहा बटणे असली तरी खालची तीन कधीच चालली नाहीत. आमच्या लेखी तो ठोशांचा खेळ होता. त्यातल्या वीरांना लाथ मारता येते हे आम्हाला कैक वर्षांनी कळले. पार्लरवाला बटणे दुरुस्त करत नाही म्हणून आम्ही त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

बटणांच्या शोधात वाचन सुरू झाले तेव्हा खुलासा हाती लागला. जपानी उत्पादकांच्या संघटनेने 1985 च्या सुमारास यंत्रांच्या जोडणीचे ‘जामा’ हे प्रमाण ठरवले. 56 टोकांची एक पट्टी. खेळ बदलायचा तर आतले सर्किट काढून दुसरे त्याच पट्टीला लावायचे. या पट्टीत दर खेळाडूमागे तीन बटणांचीच सोय होती. कॅपकॉमने ती तीन ठोशांना दिली आणि लाथांसाठी वेगळी तार जोडावी लागे. आमच्या पार्लरमध्ये ती तार आलीच नसावी. बटणे धडधाकट असतील, त्यांच्यामागे काही नसेल. तीस वर्षे एका माणसावर आमच्या मनात ठेवलेला आरोप अशा रीतीने मागे घ्यावा लागला. ते दुकान आता नाही.

बटणांचे दोन ठळक संप्रदाय आहेत. अमेरिकी बटण सुमारे 28.6 मिमीच्या भोकात बसते. त्याचा दांडा लांब, खाली मायक्रोस्विच लटकणारा, आवाज खणखणीत. जाड लाकडातून आरपार जाऊन नटाने आवळावे अशी त्याची घडण. जपानचे सान्वा किंवा सेईमित्सू यांचे बटण 30 मिमीचे, उथळ आणि हलके. सान्वाच्या बटणावर बोट नुसते विसावले तरी ते दबते, अशी तक्रार नवखे लोक करतात. अमेरिकेत लोक बहुधा उभ्याने खेळत. जपानमध्ये 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या लाटेत कॉफीच्या दुकानांतून टेबलवजा यंत्रे पसरली आणि बसून खेळण्याची रीत पडली, पुढे सेगाच्या ‘ॲस्ट्रो सिटी’सारख्या (1993) पेट्याही बैठकीसाठीच घडवलेल्या होत्या. उभा माणूस बटणावर खांद्यातून भार टाकतो, बसलेला मनगटातून. बटणाच्या वजनातला फरक आम्ही तरी असाच वाचतो. आमची पेटी टेबलावरची, खोली उथळ. अमेरिकी बटणाचा दांडा तळाला टेकत होता. तेव्हा जपानी बटण, पण फळी लाकडाची म्हणून खटक्याने अडकणारे नव्हे, नटाचे.

राहिला प्रश्न संख्येचा. पेटीची रुंदी 40 सेंमी. कडेपासून दांड्यापर्यंत 5, तिथून पहिल्या बटणापर्यंत साडेसहा, मग 3.6 च्या अंतराने आणखी दोन, शेवटच्या बटणाची अर्धी रुंदी 1.6: एका खेळाडूला 20.3 सेंमी. दोघांचे 40.6. सहा मिलिमीटरांनी इतिहास बसत नव्हता! 24 मिमीची लहान बटणे घेतली असती तर जमले असते. पण जपानी पेट्यांवर ती खेळ सुरू करण्यासाठी वापरत, आणि त्यांनी ठोसा मारणे आम्हा दोघांनाही पटेना.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे, एकट्यापुरती सहा बटणे ठेवावीत, कारण जी लाथ राहून गेली ती आता तरी मारायला हवी. दुसऱ्याचे म्हणणे, पार्लर म्हणजे शेजारच्याचा खांदा. दोघांसाठी त्रिकोणात तीन-तीन बटणे बसवावीत, मग लाथ नसली तरी चालेल, तशी ती नव्हतीच. वाद मिटला नाही. अखेर सुताराकडून निघणाऱ्या दोन फळ्या करून घेतल्या. तीन-तीन बटणांची फळी सध्या पेटीवर आहे. सहा बटणांची फळी कपाटामागे उभी आहे, पेन्सिलीने गोल काढलेली. भोके अजून पाडायची आहेत.