ब्लोअर, औद्योगिक : साठवण व उभारणी

हवेस अथवा वायूस मध्यम दाबाने गती देऊन ती भट्टी, धान्यशोधक यंत्र, वाहक नळ किंवा खाणीतील बोगदा येथे नेमून दिलेल्या प्रमाणात पोचविणाऱ्या फिरत्या यंत्रास ब्लोअर म्हणतात. निर्गमाजवळील निरपेक्ष दाब व प्रवेशाजवळील निरपेक्ष दाब यांचे गुणोत्तर १·११ पर्यंत असल्यास पंखा, १·११ ते १·२० असल्यास ब्लोअर आणि त्याहून अधिक असल्यास संपीडक, असा अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचा संकेत आहे. तथापि कारखान्यांत केंद्रोत्सारी पंख्यासही सर्रास ब्लोअरच म्हणत असल्याने प्रस्तुत नोंदीत तोच व्यापक अर्थ घेतला आहे.

प्रकार व पूर्वेतिहास : खाणीत हवा खेळविण्यासाठी पिंपात फिरणाऱ्या पात्यांच्या पंख्याचे सचित्र वर्णन गेओर्ग आग्रिकोला याच्या १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथात आढळते. अमेरिकेतील इंडियाना संस्थानात कॉनर्सव्हिल येथे लोकरीची गिरणी चालविणाऱ्या फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये ज्या यंत्राचे एकस्व घेतले, त्यात दोन रोटर एकमेकांस न शिवता उलट दिशांनी फिरतात आणि प्रत्येक फेऱ्यास हवेचे ठरावीक आकारमान पुढे ढकलतात. आजचे ब्लोअर मुख्यत्वे दोन कुळांतले : केंद्रोत्सारी, ज्यांत इंपेलरच्या (पाती बसविलेल्या फिरत्या चाकाच्या) वेगामुळे हवेस दाब प्राप्त होतो, आणि रूट्स पद्धतीचे, ज्यांत दाब पुढच्या नळातील अडथळ्यानुसार ठरतो. साठवणीचे व चालू करण्याचे अनेक नियम या भेदातूनच निघतात.

भंडारा परिसरातील उपयोग : हे नियम स्थानिक हवामानाशीही निगडित असल्याने येथे भंडारा जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे. शहापूर हे गाव नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या शेजारी वसलेले आहे. त्याच्या आसमंतात ब्लोअरचे जवळजवळ सर्व प्रमुख उपयोग एकत्र दिसतात : वरठीच्या पोलाद कारखान्यात भट्ट्यांना हवा लागते, तुमसर तालुक्यातील चिखला येथील भूमिगत मँगनीज खाणीत कामगारांच्या श्वासासाठी ती खेळती ठेवावी लागते, आणि या धानाच्या जिल्ह्यातील भातगिरण्यांत तूस व कोंडा तांदळापासून वेगळा करण्याचे काम हवेच्या झोतावरच सोपविलेले असते. खरिपाचे धान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघते, आधारभूत खरेदी केंद्रांवरील धानाची भरडाई त्यापुढे उन्हाळ्यापर्यंत चालते, आणि पावसाळा लागला की गिरणीचे काम ओसरते. यंत्राच्या विश्रांतीचा काळ हाच येथे वर्षातील सर्वांत दमट काळ असतो. वर्षाकाठच्या सुमारे १,३०० मिलिमीटर पावसाचा बहुतांश भाग या चार महिन्यांतच पडतो. त्यामुळे या प्रदेशात साठवण ही खरेदी व उभारणी यांच्यामधली फुरसत मानता येत नाही. ती उभारणीचाच पहिला अध्याय आहे, आणि तो प्रतिवर्षी नव्याने पाळावा लागतो.

माल उतरवून घेणे : ब्लोअर गाडीवरून उतरविण्यापूर्वी चलनाशी रुजवात घालून, पेटीची मोडतोड, इंपेलरचा पोचा अथवा गंज दिसल्यास त्याची नोंद वाहतूकदाराच्या पावतीवर तत्काळ करावी. यंत्र उचलताना साखळी वा दोर केवळ उचलण्यासाठी ठेवलेल्या कड्यांतूनच घालावा; शाफ्टला अथवा इंपेलरला दोर बांधून उचलण्याची घाई केल्यास शाफ्टमध्ये येणारा डोळ्यांना न दिसणारा वाक पुढे यंत्राच्या प्रत्येक फेऱ्यास कंपन देत राहतो.

साठवण : गुदाम पक्क्या छपराचे व पुराच्या पाण्यापासून उंच जोत्याचे असावे आणि यंत्र जमिनीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर समपातळीत ठेवावे. बाहेर ठेवणे अपरिहार्यच झाले तर ताडपत्री घट्ट आवळू नये, कारण बंद आच्छादनाखाली दिवसाची उष्णता रात्री उतरली की आतील बाष्पाचे दव होऊन ते थेट लोखंडावर बसते. ताडपत्री वरून पाऊस अडवील आणि खालून वारा येऊ देईल, अशी तजवीज करावी. प्रवेश व निर्गम ही दोन्ही तोंडे फळीने बंद करून शाफ्ट, कपलिंग आदी उघड्या घासलेल्या पृष्ठांना गंजरोधक तेलाचा लेप द्यावा. रूट्स ब्लोअरच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट हवी. रोटरांमधील व कवचामधील फट मिलिमीटरच्या अंशाएवढीच असल्याने बिडाच्या पृष्ठावर आलेला गंजाचा पातळ थरही यंत्रास जखडून टाकू शकतो. असे ब्लोअर बहुधा तेल काढूनच पाठविलेले असते, म्हणून तेल भरल्यावाचून चालवू नये अशी ठळक सूचना यंत्रावर टांगून ठेवावी.

बेअरिंगांची हानी सर्वांत फसवी असते. शाफ्ट महिनोन्‌महिने एकाच स्थितीत राहिला की त्याच्या भाराने गोळ्यांखालील ग्रीस बाजूस सरते, आणि शेजारी एखादे यंत्र चालू असल्यास त्याच्या सूक्ष्म थरथरीने खोबणीत गोळ्यांचे ठसे उमटतात. मग न वापरलेले बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरू लागते. यावर उपाय सोपा आहे : साठवणीची जागा चालत्या यंत्रांपासून दूर निवडावी, बेअरिंगे ग्रीसने भरलेली ठेवावीत आणि महिन्यातून किमान एकदा शाफ्ट हाताने काही पूर्ण फेरे फिरवून पूर्वीपेक्षा पाव फेरा पुढे थांबवावा. हे काम करणाऱ्याने तारीख व सही नोंदवहीत घालावी, कारण ज्या कामाचा दाखला राहत नाही ते काम झालेच असे पुढे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. चालकपट्टे काढून, न दुमडता, उन्हापासून दूर ठेवावेत. मोटारीत उष्णकाची सोय असल्यास तो चालू ठेवावा. धान्याच्या आसऱ्याने वाढणाऱ्या उंदरांपासून तारा व वेटोळी जपावीत. आणि वापरापूर्वी ४१५ व्होल्टच्या मोटारीचा निरोधनरोध मोजून तो ५ मेगओहमहून कमी भरल्यास मोटार सुकविल्याखेरीज वीज देऊ नये.

उभारणी : काँक्रीटच्या पायाचे वजन त्यावरील यंत्रसामग्रीच्या किमान तिप्पट असावे, असा ठोकताळा आहे. पाया पुरेसा मुरल्यावर तळपाट त्यावर ठेवून, पत्र्याच्या पातळ पट्ट्यांच्या साहाय्याने पाणसळीत आणून, मधली फट न आकसणाऱ्या मसाल्याने भरावी. बोल्ट आवळताना एखादा पाय अधांतरी राहिला तर आवळण्याच्या जोरानेच चौकट पिळवटते आणि काळजीपूर्वक साधलेली सरळ रेषा मोडते. मोटार व ब्लोअर यांचे शाफ्ट अथवा कप्प्या एका रेषेत आणण्याचे काम नळ जोडण्यापूर्वी एकदा व जोडल्यानंतर पुन्हा एकदा तपासावे. नळांचा भार ब्लोअरच्या कवचावर पडू नये म्हणून त्यांना स्वतंत्र आधार द्यावेत आणि मध्ये लवचिक जोड घालावा.

निर्गमानंतर लगेच वळण दिल्यास दाबाचा मोठा हिस्सा व्यर्थ जातो. हवेचा वेग सेकंदास सुमारे १३ मीटरपर्यंत असल्यास नळाच्या व्यासाच्या अडीचपट, व त्यापुढे दर ५ मीटर वेगास आणखी एक व्यास, इतकी लांबी सरळ ठेवावी. भातगिरणीत ब्लोअरचे स्थान ठरविताना आणखी एक विचार करावा लागतो. तुसात सिलिकाचे प्रमाण मोठे असल्याने तूसयुक्त हवा इंपेलरमधून गेल्यास पाती झिजतात व त्यांचे संतुलन बिघडते. म्हणून शक्य तेथे चक्रवाती विभाजक आधी व ब्लोअर नंतर, अशी मांडणी करून त्यातून निवळलेली हवाच ओढावी.

स्थानिक हवामानाचा हिशेब : उत्पादकाचे तक्ते बहुधा २० अंश सेल्सिअस तापमान व समुद्रसपाटी येथील, घनमीटरला १·२ किलोग्रॅम घनतेची हवा धरून केलेले असतात. शहापूरच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला असता ही घनता जवळपास १·०७ भरते; केंद्रोत्सारी ब्लोअर तेव्हा हवेचे आकारमान तेवढेच देते, परंतु दाब दहा ते अकरा टक्क्यांनी घटतो. उलट हिवाळ्यातील १२ अंशांच्या पहाटे तेच यंत्र उन्हाळ्यातील दुपारपेक्षा अकरा-बारा टक्के अधिक शक्ती ओढते. ब्लोअरची निवड उन्हाळ्याच्या दाबावर आणि मोटारीची निवड हिवाळ्याच्या भारावर करावी, हा येथील शहाणपणाचा नियम आहे. उणीव भासल्यास केवळ कप्पी बदलून वेग वाढविण्याचा मोह आवरावा. वेगाच्या प्रमाणात प्रवाह, वर्गाच्या प्रमाणात दाब व घनाच्या प्रमाणात शक्ती वाढत असल्याने, वेग दहा टक्के वाढविला असता शक्तीची मागणी तेहतीस टक्क्यांनी वाढते.

चालू करणे : प्रथम क्षणभर वीज देऊन फिरण्याची दिशा पाहावी. केंद्रोत्सारी ब्लोअर उलट फिरले तरी हवा त्याच बाजूस, मात्र पुष्कळच कमी, फेकते आणि त्यामुळे दोष दीर्घकाळ लपून राहतो. रूट्स ब्लोअरमध्ये मात्र प्रवाहच उलटतो. केंद्रोत्सारी ब्लोअर झडप मिटून सुरू करावे म्हणजे मोटारीवरील भार हलका राहतो. रूट्स ब्लोअर बंद झडपेवर कदापि सुरू करू नये व त्यास दाबमोचक झडप असलीच पाहिजे. दृढ पायावरील सामान्य औद्योगिक ब्लोअरचे कंपन आरंभी सेकंदास ४·५ मिलिमीटरच्या आत असावे. हे माप नोंदवहीत उतरवून ठेवल्यास पुढील प्रत्येक बिघाड त्याच्याशी ताडून वेळीच ओळखता येतो.

सुरक्षितता : फिरत्या भागांना आवरण घालण्याची व धूळ उगमस्थानीच ओढून घेण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अनुक्रमे कलम २१ व कलम १४ अन्वये कारखानदारावर टाकली. दुरुस्तीच्या वेळी वीज तोडून तिच्या खटक्यास कुलूप घालावे आणि, नळातील वाऱ्यानेही इंपेलर फिरू शकत असल्याने, तो अडकवून ठेवल्यावाचून कोणासही आत हात घालू देऊ नये. गुदामाच्या राखणदारापासून पाया भरणाऱ्या गवंड्यापर्यंत आणि जोडाऱ्यापासून गिरणीच्या चालकापर्यंत प्रत्येकाच्या हाती या यंत्राच्या आयुष्याचा एकेक हिस्सा असतो. म्हणून साठवणीची नोंदवही व उभारणीचा दाखला एकाच दप्तरात, यंत्राच्या जवळ आणि काम करणाऱ्यास वाचता येईल अशा मराठीत ठेवणे अगत्याचे आहे.