बर्नडेन पार्कचे तेहेतीस

बोल्टन हे तेव्हा लँकेशायर परगण्यातील कापडगिरण्यांचे गाव होते. ९ मार्च १९४६ रोजी तेथील बर्नडेन पार्कवर बोल्टन वाँडरर्स व स्टोक सिटी यांचा एफ. ए. चषकाचा सामना होता. सहा वर्षांच्या महायुद्धाने लोक खेळाला आसुसलेले. त्यात स्टोककडून स्टॅन्ली मॅथ्यूज खेळणार! सुमारे ८५,००० माणसे लोटली. सरकारने युद्धकाळी घेतलेला एक भाग अद्याप मोकळा झाला नव्हता. दारे लावल्यावरही लोक कुंपणे ओलांडून व उघडलेल्या एका फाटकातून आत घुसले. रेल्वेकडील उतारावर कठडे मोडले आणि ३३ जण चेंगरून, गुदमरून मेले. प्रेते मैदानाच्या कडेस निजवून त्यांवर कोट पांघरण्यात आले, लाकडाच्या भुशाने नवी सीमारेषा आखण्यात आली, आणि सामना पुन्हा सुरू झाला. मध्यंतराची विश्रांतीही न घेता तो संपविला. गोल एकही नाही. पुष्कळ प्रेक्षकांना काय घडले याची वार्ताही नव्हती.

मोएलविन ह्यूज यांच्या चौकशीने गर्दीवर मर्यादा घालण्याची व आत येणारी माणसे यंत्राने मोजण्याची शिफारस केली. इतकी साधी गोष्ट! मृतांचा स्मृतिफलक मात्र १९९२ साली लागला. पुढे ते मैदानही गेले. त्या जागी एक मोठे दुकान उभे राहिले, आणि तेहेतीस जणांची आठवण त्या दुकानापाशी फलकरूपाने उरली.