मुंबईची भटकी कुत्री : संहाराकडून नसबंदीकडे

मुंबईत भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे सरकारी प्रयत्न दोनशे वर्षांहून जुने आहेत. त्यांतली पहिली एकशे ऐंशी वर्षे मारण्यात गेली. शस्त्रक्रियेचा मार्ग शहराने स्वीकारला तो अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. आज नसबंदीवर जो वाद चालतो, त्यात हा आधीचा काळ बहुधा विसरला जातो. नसबंदीने कुत्र्याच्या स्वभावात आणि प्रकृतीत नेमके काय बदलते, हा प्रश्नही या इतिहासाशी जोडूनच पाहावा लागतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत १८१३ साली झालेल्या नियमानुसार वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा होती. उन्हाळ्यात कुत्री जास्त पिसाळतात असा त्या काळी समज होता. १८३२ मध्ये ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवलेले असल्याने पकडणारे पाळीव आणि मोकाट असा भेद पाहीनासे झाले, घरांच्या आवारात शिरू लागले. ६ जूनला पारशी समाजाचा पवित्र दिवस होता आणि त्या दिवशीही कुत्री मारली गेली. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याचे स्थान फार वरचे आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी यासाठी ‘सगदीद’ हा विधी केला जातो आणि डोळ्यांवर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी विशेष योग्य मानतात. कोट भागात जमलेल्या पारशांनी त्या दिवशी पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, लष्कराला जाणारी रसद अडवली गेली, हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही बंदात उतरले. अखेर दंगलविरोधी कायदा वाचून दाखवून सैन्य बोलवावे लागले आणि धरपकड झाली.

इतिहासात हे प्रकरण ‘बॉम्बे डॉग रायट्स’ म्हणून ओळखले जाते. त्याची नोंद गमतीची गोष्ट म्हणून पुष्कळदा होते, पण त्याचा परिणाम टिकाऊ ठरला. पारशी धुरिणांनी सरकारशी बोलणी करून कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा तोडगा काढला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन सावकारांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. मुंबईत प्राण्यांच्या प्रश्नाला संस्थेचे रूप आले ते इथून. पुढे १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय सुरू झाले.

तरीही मारणे थांबले नाही. १८८८ च्या महापालिका कायद्याने आयुक्तांना मोकाट कुत्री नष्ट करण्याचा अधिकार दिला आणि पुढची शंभर वर्षे तो वापरला गेला. विसाव्या शतकात महापालिकेची गाडी गल्लोगल्ली फिरून कुत्री उचलायची आणि कोंडवाड्यात विजेचा धक्का देऊन त्यांना मारले जाई. एवढे करूनही कुत्री कमी झाली नाहीत आणि रेबीजही हटला नाही. कारण साधे आहे. एखाद्या भागात किती कुत्री जगतील हे तिथला कचरा, खाटकाच्या दुकानामागचे टाकाऊ मांस, खाणावळींचे खरकटे आणि आसरा यांवर ठरते. दहापैकी चार कुत्री उचलली की उरलेल्या सहांना आणि त्यांच्या पिल्लांना जास्त अन्न मिळते, जास्त पिल्ले जगतात, शेजारच्या भागातली कुत्री मोकळ्या जागेत शिरतात आणि वर्षा-दोन वर्षांत संख्या पूर्वपदावर येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या आसपास हाच निष्कर्ष काढला की केवळ कुत्री काढून टाकल्याने ना त्यांची संख्या टिकाऊपणे घटते, ना रेबीज आटोक्यात येतो.

पर्याय आधी चेन्नईत सुचला. तिथल्या ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ या संस्थेने १९६४ मध्ये भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना परत सोडण्याचा उपक्रम सुरू केला, पण तिथल्या महापालिकेने तो मान्य करायला १९९६ उजाडले. मुंबईत १९८५ पासून ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्था याच मागणीसाठी झगडत होत्या. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात महापालिकेने विजेचा मार्ग सोडला. १९९८ साली मुंबई उच्च न्यायालयाने नसबंदीच्या कार्यक्रमासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २००१ मध्ये केंद्र सरकारने प्राणी जन्म नियंत्रण नियम काढून तीच पद्धत देशभर लागू केली. वाद मात्र मिटला नाही. २००८ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्री मारण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला, तर २००९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

नियमांनी ठरवलेली पद्धत अशी : कुत्रे जाळीने किंवा हाताने पकडायचे, कुठून पकडले ते लिहून ठेवायचे, मादीचे अंडाशय व गर्भाशय आणि नराचे वृषण काढायचे, रेबीजची लस द्यायची, भुलीत असतानाच कानाला खाच पाडायची, जखम भरेपर्यंत काही दिवस ठेवायचे आणि उचलले होते तिथेच सोडायचे. कानाची खाच हीच त्याची ओळख. त्याच जागी सोडण्यावर लोकांचा सर्वांत जास्त रोष असतो, पण सगळ्या पद्धतीचा आधार तोच आहे. हद्द सांभाळणारे, लस टोचलेले आणि पिल्ले न होणारे कुत्रे गल्लीत असले, तर नवे, लस नसलेले कुत्रे तिथे सहज स्थिरावत नाही.

या शस्त्रक्रियेने रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वागण्यात जो बदल होतो, त्याचा सर्वांत चांगला पुरावा जयपूरहून आला. तिथे १९९४ पासून ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने भटक्या माद्यांची नसबंदी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार जुन्या शहरातल्या सुमारे ६५ टक्के माद्यांची नसबंदी व लसीकरण झाल्यावर कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. नंतरच्या अभ्यासात चाव्यांचे प्रमाणही उतरलेले दिसले. भारतातल्या गावठी कुत्र्यांचा माज ऋतूशी बांधलेला असतो. भाद्रपदात नरांच्या झुंडी एका मादीमागे धावतात, आपसात भांडतात आणि मध्ये आलेल्या माणसाला चावतात, हे गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. त्यानंतर दोनेक महिन्यांनी पिल्ले होतात आणि मग जिन्याखाली किंवा गाडीखाली व्यालेली मादी जवळून जाणाऱ्या प्रत्येकावर धावून येते. जयपूरमधल्या चाव्यांची वाढ याच पिल्लांच्या काळाशी जुळत होती. मादीची नसबंदी झाली की झुंड आणि पिल्लांची राखण ही चाव्यांची दोन्ही कारणे एकदमच नाहीशी होतात.

नराच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नाही. अमेरिकेत १९७६ साली पाळीव नरांवर झालेल्या एका अभ्यासात वृषण काढल्यावर घरातून पळून भटकणे दहांपैकी नऊ कुत्र्यांत कमी झाले. दुसऱ्या नरांशी भांडणे, घरात लघवीने खुणा करणे आणि अंगावर चढणे या सवयी साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश कुत्र्यांत घटल्या. हद्दीचे रक्षण करताना किंवा भीतीने चावणे मात्र तसेच राहिले. दक्षिण चिलीतल्या पोर्तो नातालेस गावात मोकळ्या फिरणाऱ्या नरांचा २०१६ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या नरांच्या फिरण्याच्या टापूत किंवा आक्रमकतेत ठळक फरक आढळला नाही. म्हणून पैसे आणि पिंजरे मोजकेच असतील, तर आधी माद्यांची नसबंदी करणे शहाणपणाचे ठरते. एक धडधाकट नर पुष्कळ माद्यांना पुरतो, त्यामुळे केवळ नरांवर भर देऊन पिल्लांची संख्या घटत नाही.

रस्त्यावरच्या मादीच्या प्रकृतीला नसबंदीने मोठा आधार मिळतो. दरवर्षीचे बाळंतपण, उपाशीपोटी पाच-सहा पिल्लांना पाजणे आणि त्यातून येणारा अशक्तपणा टळतो. मुंबईच्या रस्त्यांवर समागमातून पसरणारी गाठ वारंवार दिसते. हा संसर्गजन्य कर्करोग हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या पेशींत सुरू झाला आणि त्याच पेशी आजवर एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या आहेत. समागम थांबला की त्याचा मुख्य मार्ग बंद होतो. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. स्वीडनमध्ये निरोगी कुत्र्याची नसबंदी करण्यास १९८८ पर्यंत कायद्याने मनाई होती आणि त्यानंतरही तिचा प्रसार बेताचाच राहिला. तिथल्या विम्याच्या नोंदींत दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ दर चार माद्यांतल्या एकीला हा आजार झालेला आढळला. स्तनांच्या गाठींबाबत १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासाचे आकडे पशुवैद्यकांच्या तोंडी असतात. त्यानुसार पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या मादीचा धोका शस्त्रक्रिया न झालेल्या मादीच्या अर्धा टक्काच उरतो, एका माजानंतर आठ टक्के आणि दोनानंतर २६ टक्के. पुढच्या परीक्षकांनी या पुराव्याला कमकुवत म्हटले आहे, म्हणून लवकर केल्यास फायदा संभवतो एवढेच खात्रीने म्हणता येईल. अमेरिकेतल्या चाळीस हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये जो निबंध आला, त्यात नसबंदी झालेली कुत्री अधिक जगलेली दिसली. संसर्ग आणि अपघात यांमुळे होणारे मृत्यू त्यांच्यात कमी होते, कर्करोगाचे मात्र अधिक.

घरात वाढलेल्या, मोठ्या जातीच्या कुत्र्याला हाच हिशेब जसाच्या तसा लावणे चूक आहे. वृषण किंवा अंडाशय लवकर काढले की हाडांच्या टोकांची वाढ थांबायला उशीर होतो, पाय थोडे लांब होतात आणि सांध्यांवरचा ताण बदलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या नरांमध्ये कंबरेच्या सांध्याचा दोष दुपटीने आढळला. त्याच संशोधकांनी २०२० मध्ये पस्तीस जातींची पाहणी केली. छोट्या जातींत असा धोका जवळजवळ दिसला नाही. मोठ्या जातींच्या काही माद्यांना पुढे लघवी रोखता येत नाही. वजन तर बहुतेकांचे वाढते, कारण ऊर्जेची गरज घटते आणि भूक वाढते, पण ते खाण्याचे माप कमी करून आवरता येते. भित्र्या कुत्र्याची भीती शस्त्रक्रियेने जाईल, अशी आशा ठेवून त्याला टेबलावर नेणे तर टाळलेच पाहिजे. काही पाहण्यांत अशा कुत्र्यांची भीती उलट वाढलेली दिसली आहे. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड पाळणाऱ्याने पशुवैद्याशी वयाबद्दल सविस्तर बोलूनच निर्णय घ्यावा. रस्त्यावरच्या मादीसाठी इतके थांबणे परवडणारे नाही, कारण तिचा पुढचा माज कुणाच्या हातात नसतो.

रेबीजचा प्रश्न नसबंदीच्या यादीत घातला जातो, पण त्याला अडवते ती लस. गोव्यात ‘मिशन रेबीज’ने २०१३ पासून दरवर्षी गावोगावच्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचे लक्ष्य धरून काम केले, शाळांत मुलांना शिकवले, पिसाळलेल्या कुत्र्याच्या खबरीवर तातडीने पथके पाठवली आणि २०२१ मध्ये गोव्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर करण्यात आले. नसबंदीचे काम त्याला पूरक होते. पिल्ले कमी जन्मली की लस नसलेल्या नव्या कुत्र्यांची भरही कमी पडते आणि टोचलेल्यांचे प्रमाण वर्षभर टिकते.

२०२३ मध्ये केंद्राने नियम नव्याने काढले आणि जबाबदारी स्थानिक संस्थांवर अधिक स्पष्टपणे टाकली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि अवघ्या दोन आठवड्यांत तो बदलून नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास परवानगी दिली. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली. मुंबई महापालिकेच्या पाहणीत २०१४ साली शहरात सुमारे ९५ हजार भटकी कुत्री होती, तर २०२४ च्या पाहणीत सुमारे ९० हजार. पसरत्या शहरात आणि वाढत्या कचऱ्यातही संख्या वाढली नाही, हे यश लहान असले तरी खरे आहे. ते वाढवायचे असेल, तर प्रत्येक प्रभागातल्या बहुसंख्य माद्यांची नसबंदी भाद्रपदापूर्वी पुरी झाली पाहिजे, लस दरवर्षी टोचली गेली पाहिजे आणि रस्त्यावरचा कचरा रोज उचलला गेला पाहिजे. यांतले एकही काम एखादे वर्ष थांबवून चालणार नाही.