पायलट व्हायचंय? जमीन विकण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत मुलगा किंवा मुलगी म्हणते, "अब्बू, मला पायलट व्हायचंय." स्वप्न चांगलंच आहे, आपल्या मुलांनी ते जरूर पाहावं. पण या शिक्षणाला ५० लाखांच्या आसपास खर्च येतो आणि लायसन्स हातात आलं म्हणजे नोकरी मिळाली असं होत नाही. त्यामुळे कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर, हे पालकांनी नीट समजून घ्यायला हवं.

आधी मेडिकल, मग फी

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आधी फी भरली जाते, आणि नंतर तपासणीत कळतं की मुलाला रंग नीट ओळखता येत नाहीत. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे क्लास २ मेडिकल होतं. कमर्शियल लायसन्ससाठी क्लास १ लागतं. शक्य असेल तर मोठी रक्कम भरण्याआधी दोन्ही उरकून घ्या. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही. चष्म्याने नजर ठरलेल्या मापात यावी लागते.

पात्रता

सध्याच्या नियमाने बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतात. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी निराश होऊ नये, एनआयओएसमधून हे दोन विषय देता येतात. स्टुडंट पायलट लायसन्स १६ व्या वर्षी मिळू शकतं, कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) १८ पूर्ण झाल्यावर.

शिक्षण कसं चालतं?

अभ्यास आणि उड्डाण, दोन्ही लागतात. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि टेक्निकल हे पेपर डीजीसीए घेते, पास व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना (आरटीआर) वेगळा. पेपर आधी सोडवून मग उड्डाणाला जाणं फायद्याचं, म्हणजे फ्लाइंग स्कूलजवळ राहण्या-खाण्याचे महिने वाढत नाहीत.

सीपीएलसाठी एकूण २०० तास उड्डाण हवं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक लांब फेरी आणि रात्रीचं उड्डाणही येतं.

कुठे शिकावं?

महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथे प्रशिक्षण चालतं. धुळ्यात बॉम्बे फ्लाइंग क्लबचं केंद्र आहे. हा क्लब १९२८ चा, जे. आर. डी. टाटा इथेच विमान शिकले. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे, तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलना श्रेणी देऊ लागलं आहे. पहिल्या यादीत एकही संस्था वरच्या श्रेणीत नव्हती. म्हणून जाहिरात पाहून नव्हे, प्रत्यक्ष जाऊन विचारा:

- आज उडण्याच्या स्थितीत किती विमानं आहेत, आणि विद्यार्थी किती?
- इन्स्ट्रक्टर किती?
- एका विद्यार्थ्याचे महिन्याला किती तास होतात? पावसाळ्यात किती?
- फी हप्त्याने घेता का? मध्येच सोडलं तर परत किती?

तिथे शिकणाऱ्या मुलांशी बाहेर चहावर बोला, खरं चित्र तिथेच कळतं. एकरकमी फी भरू नका. परदेशात शिकून आलात तरी इथे डीजीसीएच्या परीक्षा देऊन लायसन्स बदलून घ्यावं लागतं.

पैशाचा हिशोब

सीपीएलनंतर टाइप रेटिंग येतं, म्हणजे एअरबस ए३२० सारख्या एका विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण. त्याला आणखी १५ ते २० लाख लागू शकतात. हा आकडा सुरुवातीलाच धरा. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्राममध्ये सगळं एकत्र मिळतं, पण खर्च कोटीच्या आसपास जातो.

बँका साधारण साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. ५० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता महिना सुमारे ५४ हजार बसतो. नोकरी लागो न लागो, साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने तो सुरू होतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जरूर करा, पण त्यातून सगळा खर्च भागणार नाही. केंद्राची 'पढो परदेश' ही व्याज-अनुदान योजना २०२२-२३ पासून बंद आहे. ज्यांना व्याजाचं कर्ज नकोच आहे, त्यांनी पेपर, सीपीएल, टाइप रेटिंग असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे पैसे जमल्यावरच पुढे जावं.

नोकरी

एअरलाइन लेखी परीक्षा, सिम्युलेटर चाचणी आणि मुलाखत घेते. सुरुवात फर्स्ट ऑफिसर म्हणून होते. कॅप्टन व्हायला एटीपीएल लायसन्स लागतं, त्यासाठी १५०० तास आणि २१ वर्षं वय हवं. भरती लाटेसारखी येते आणि जाते. २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा अनुभवी पायलटही नोकरी शोधत होते. त्यांच्याच रांगेत नवी मुलंही उभी होती.

म्हणून दोन-तीन वर्षं थांबायची तयारी ठेवा. त्या काळात इन्स्ट्रक्टर रेटिंग घेतलं तर पगारही मिळतो, तासही वाढतात. बाहेरून किंवा मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करा.

शेवटी एकच विनंती. राहतं घर गहाण टाकू नका. मुलगा-मुलगी पायलट होवो, पण त्यासाठी धाकट्या भावंडांचं शिक्षण थांबता कामा नये. या महिन्यात फक्त क्लास २ मेडिकल करून घ्या. पुढचं सगळं त्या कागदावर ठरेल.