किशोरवयीन मुलांचे व्यसन : पुडीपासून सुरू होणारी वाट

'ड्रग्ज' म्हटले की मुंबई-पुण्यातील पार्ट्या डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या (ता. मंगरूळपीर) गावात राहणारे आपण निर्धास्त असतो. प्रत्यक्षात गावातल्या मुलाचे व्यसन पाच-दहा रुपयांच्या पुडीपासून, खर्ऱ्यापासून सुरू होते, आणि त्याला आपण व्यसन म्हणतच नाही. या लेखात आम्ही व्यसनाची ही वाट, तिच्यामागची सामाजिक कारणे आणि कार्यकर्त्यांना करता येण्याजोगी कामे मांडत आहोत.

आकडे काय सांगतात?

2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील 13 ते 15 वयोगटातील 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. धूरविरहित तंबाखू सुरू करण्याचे मध्यक वय 9.9 वर्षे होते. म्हणजे तंबाखू खाणाऱ्या निम्म्या मुलांनी ती चौथी-पाचवीच्या वयात किंवा त्याआधीच तोंडात घातली होती.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट दिसली. हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांमध्ये 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के होते. पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर या वस्तू स्वस्त असतात, दुकानात उघड मिळतात आणि मुलाने मागितल्या तरी कोणाला संशय येत नाही.

वाट कशी पुढे जाते?

साधारणपणे आधी सुपारी व गोड मसाला, मग गुटखा किंवा खर्रा, नंतर बिडी-सिगारेट, दारू आणि काहींच्या बाबतीत गांजा किंवा झोपेच्या गोळ्या, असा क्रम दिसतो. पुडी खाणारा प्रत्येक मुलगा गांजापर्यंत जातोच असे नाही. पण या वयात मेंदूची वाढ सुरू असते आणि निकोटीनची सवय लवकर जडते. लवकर सुरू झालेले व्यसन सुटायलाही जड जाते.

सामाजिक कारणे

पहिले कारण घर. वडील, काका, आजी तंबाखू खातात आणि पुडी आणायला मुलालाच पाठवतात. महाराष्ट्रात 2016-17 च्या पाहणीत 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. घरात जे रोज दिसते ते मुलाला वाईट वाटत नाही.

दुसरे कारण रोजंदारी. सोयाबीन-तुरीच्या हंगामात शाळकरी मुलेही मजुरीला जातात. हातात रोख पैसा येतो, मोठ्यांची सोबत मिळते आणि भूक व थकवा मारायला तंबाखू मिळते. आई-वडील कामासाठी बाहेरगावी गेले की मूल आजी-आजोबांकडे राहते आणि त्याच्याकडे लक्ष देणारे कोणी उरत नाही.

तिसरे कारण अपयश आणि अपमान. अभ्यासात मागे पडलेल्या, वर्गात जातीवरून किंवा गरिबीवरून हिणवल्या गेलेल्या मुलाला पानठेल्यावरची टोळी आपलेसे करते. शाळेने हाकलले की तो पूर्णपणे तिचाच होतो.

चौथे कारण आपले सार्वजनिक जीवन. लग्नाची वरात असो, विसर्जन असो की 14 एप्रिलची मिरवणूक, मोठी पोरे पिऊन नाचतात आणि लहान मुले बघतात. ज्या बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, त्यांच्याच जयंतीत असे घडते तेव्हा पाचवे शील मुलांसाठी फक्त पाठांतर उरते. यावर आपण स्वतःच बोलले पाहिजे.

कायदा कुठे मदत करतो?

महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा आहे. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 77 नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. गावात मात्र मार मुलाला बसतो.

पोलिसांच्या भीतीने पालक उपचार टाळतात. त्यांना सांगावे की अमली पदार्थ कायद्याच्या कलम 64-अ नुसार, अल्प प्रमाणातील पदार्थाच्या प्रकरणात, स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळते.

उपचाराचा अनुभव

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द'ने तरुण पोरांना ग्रासले. अनिल अवचट यांचे त्यावरील लेखन वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आणि घरच्यांना सोबत घेतल्याशिवाय व पुढे पाठपुरावा केल्याशिवाय तो बरा राहत नाही, हे या कामातून महाराष्ट्राला कळले. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ'ने दारू व तंबाखूविरुद्ध गावागावांत काम उभे केले. दोन्हींचा धडा एकच आहे : नुसता उपदेश पुरत नाही.

आपण काय करू शकतो?

• शाळेजवळच्या विक्रीबाबत शाळा समिती व ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला द्यावी.
• मुलाला पुडी आणायला न पाठवण्याचा निर्णय प्रत्येक घराने घ्यावा. याला एक पैसाही लागत नाही.
• वर्षावासातील ग्रंथवाचनाची एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. व्यसन सोडलेल्या माणसाला बोलू द्यावे.
• विहारात संध्याकाळची अभ्यासिका, कबड्डी, लेझीम सुरू करावे. पानठेल्याला पर्याय हवा.
• शाळेतील गैरहजेरी, पैशांची चोरी, तोंड कमी उघडणे, कपड्यांना सोल्युशनचा वास ही लक्षणे दिसली तर चारचौघांत जाब विचारू नये, एकट्याशी बोलावे.
• सरकारी रुग्णालयातील किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये सोबत जावे. व्यसनमुक्तीसाठी 14446, मानसिक आधारासाठी 14416 आणि तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 हे मोफत क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावेत.
• बरा होऊन आलेला मुलगा पुन्हा घसरला तरी दार बंद करू नये. या आजारात तसे होते.

मुलगा बिघडला असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पुडी विकणारा, ती आणायला पाठवणारा आणि पाहून गप्प बसणारा, हे सगळे आपल्याच गावचे आहेत. सुरुवात तिथूनच करावी लागेल.