तेवीस खंड आणि एक पाटी

आमच्या घरात तेवीस जण एका कपाटात तीन पिढ्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत. आजोबांनी घेतलेला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. आता इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे. तोवर दोन वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची, आणि त्या खोल्यांत एक तर ज्ञानकोश राहील नाही तर मी, असा सोपा हिशेब आमच्या हिनं मांडला. त्या हिशेबात माझं पारडं फारसं जड नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग चिरंजीवांनी एक ई-रीडर आणून दिला. लहानपणच्या पाटीच्या निम्मा. "बाबा, तेवीसच्या तेवीस खंड यात मावतात." मावले खरे! ज्या ग्रंथांनी आमच्या कपाटाच्या दोन फळ्या वाकवल्या, ते सगळे पोटात घेऊन त्या पाटीचं वजन गुंजभरही वाढलं नाही. मला उगीचच केतकरांची आठवण झाली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस. ज्ञानकोशासाठी त्यानं चक्क लिमिटेड कंपनी काढली आणि भाग खपवायला, वर्गणीदार गाठायला गावोगाव पायपीट केली. ज्या देशात लोक शेजाऱ्याचं वर्तमानपत्र मागून वाचतात, तिथे ज्ञानाचे शेअर विकायचे! तरीही १९२० च्या सुमाराला निघू लागलेले खंड १९२९ पर्यंत पुरे केले. पाच खंड नुसते प्रस्तावनेचे. आमच्याकडे सभेचे अध्यक्षही एवढं प्रास्ताविक करत नाहीत.

मोठं पुस्तक वापरायचं कसं, हा प्रश्न काही आमच्या हिनं पहिल्यांदा काढलेला नाही. आगोस्तिनो रामेल्ली नावाच्या इटालियन इंजिनिअरनं १५८८ साली पॅरिसमध्ये यंत्रांच्या चित्रांचं एक पुस्तक छापलं. बहुतेक चित्रं पाणी उपसण्याची, दळण दळण्याची. त्यांतच एक पुस्तकांचा रहाट आहे. जत्रेतल्या पाळण्यासारखं मोठं लाकडी चाक, पाळण्यांच्या जागी उतरत्या फळ्या, प्रत्येक फळीवर एक जाडजूड ग्रंथ उघडा ठेवलेला. वाचकानं खुर्चीवर बसून चाक फिरवायचं की हवा तो ग्रंथ समोर हजर. आतल्या दातेरी चाकांमुळे फळीचा उतार बदलत नाही, म्हणजे ग्रंथ डोक्यात पडत नाही. संधिवातानं जखडलेल्यांना हे विशेष सोयीचं, असंही रामेल्लीनं सांगून ठेवलंय. सोळाव्या शतकातल्या परक्या माणसानं माझ्या गुडघ्यांचा इतका विचार करावा, याचं मला भरून आलं. मी ते चित्र हिला दाखवलं. "हे घरात आणायचं नाही," एवढंच ती म्हणाली.

पुढे १९४९ साली स्पेनमध्ये आन्हेला रुइस रोब्लेस नावाच्या शिक्षिकेनं यांत्रिक ज्ञानकोशाचं पेटंट घेतलं. मुलांच्या पाठीवरचं दप्तराचं ओझं कमी व्हावं, हा हेतू. एक पेटी, तिच्यात मजकुराची रिळं बसवायची, विषय बदलला की रीळ बदलायचं. बाईंना कारखानदार काही मिळाला नाही. (दप्तराचं ओझं आमच्याकडे आजही आहे.) तिथून २००७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत किंडल निघालं, तिथपर्यंत अठ्ठावन्न वर्षं गेली. किंमत ३९९ डॉलर, पडदा सहा इंची. आणि २०१२ साली ब्रिटानिकावाल्यांनी जाहीर केलं की बत्तीस खंडांचा छापील कोश आता पुन्हा काढणार नाही. १७६८ पासूनची परंपरा. ते वाचून आमच्या कपाटातल्या तेविसांनी सुतक पाळलं असेल.

आता माझा अनुभव. कादंबरी वाचायला ही पाटी झकास. डोळ्यांवर उजेड येत नाही. पडद्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या बारीक कुप्या असतात, विजेनं ते कण वरखाली होतात आणि एकदा अक्षर उमटलं की बिनविजेचं तसंच राहतं. पण पान उलटताना पडदा क्षणभर काळा होऊन डोळा मारतो. कादंबरीत ते चालतं, कारण कादंबरी सरळ रस्त्यानं जाते. कोश म्हणजे बोळांचं गाव! एका नोंदीत शिरावं तर ती म्हणते, पलीकडच्या आळीत चौकशी करा. अशी पाच घरं हिंडेपर्यंत पाटीनं पंचवीस वेळा डोळा मारला आणि मी मुळात काय शोधत होतो तेच विसरलो.

त्यातून माझे खंड म्हणजे पानांचे फोटो. मोठं केलं तर ओळीचं शेपूट बाहेर जातं, लहान केलं तर मुंग्यांची रांग. फोटोत शब्द शोधता येत नाही. आणि ज्या कोशांत येतो, तिथे मराठी आडवी येते. मोल्सवर्थसाहेबाच्या १८५७ च्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. पण त्यात 'गाव' शोधायला गेलात तर ते सापडायचं नाही, कारण तेव्हा गावाच्या डोक्यावर अनुस्वार होता. तो १९६२ च्या नव्या नियमांनी काढला. यंत्राला हे कोण सांगणार? छापील पानावर आपली नजर अलीकडे-पलीकडे भटकते आणि गांव आपोआप सापडतं.

खरी अडचण मला आठवड्यानं कळली. कोश बोटानं वाचायचा असतो. डाव्या हाताचं एक बोट या नोंदीत, दुसरं त्या नोंदीत, अंगठा सूचीत, आणि उजव्या हातात चहा. वडिलांना मी तसंच वाचताना पाहिलं आहे. लॅटिनमध्ये इंडेक्स म्हणजे तर्जनी, आणि आपल्याकडे सूची म्हणजे सुई. दोन्हीकडे काम टोचून दाखवण्याचंच. या पाटीत खुणा ठेवता येतात म्हणे, पण चार खुणा ठेवल्या की कुठली कशाची हे लक्षात ठेवायला पाचवी लागते.

शेवटी एक तोड सुचली. सगळे खंड पाटीत, आणि फक्त सूचीखंड कागदाचा. बोट सूचीत घालायचं, खंड आणि पान पाहायचं आणि पाटीवर नेमकं तिथे उतरायचं. युक्ती इतकी बेमालूम चालली, की उरलेले बावीस खंड मी गावच्या वाचनालयाला देऊन टाकायचे ठरवले. हिनं त्या दिवशी शिरा केला.

ग्रंथपाल भला माणूस. रिक्षातून उतरवलेले खंड त्यानं फडक्यानं पुसले, टेबलावर ओळीनं मांडले, मोजले, पुन्हा मोजले.

"काका, सूचीखंड राहिला वाटतं घरी?"

मी म्हटलं, "तो माझ्याकडेच असू दे."

"मग हे घेऊन काय करू? सूचीशिवाय यात माणूस शोधणार कसा?"

मला त्याचं म्हणणं तंतोतंत पटलं. रिक्षावाला अजून गेला नव्हता, म्हणून बरं झालं.