चित्रामागचे पान

गेल्या वर्षी एका परिचितांच्या नव्या घरी जाण्याचा योग आला. दिवाणखान्याच्या मुख्य भिंतीवर सोनेरी चौकटीत एका झाडाचे जुने चित्र लावले होते. कागद मोठा, मधोमध घडीची खूण. फांदी, फूल, फळ, उभे चिरलेले बी असे सारे बारकाईने रेखाटलेले. आणि वरच्या कोपऱ्यात निरनिराळ्या लिप्यांत त्या झाडाचे नाव. "तीनशे वर्षांपूर्वीचे आहे, अगदी अस्सल," यजमान म्हणाले. ते खरेच होते. चित्र 'हॉर्टस मलबारिकस' ह्या ग्रंथातील होते. फक्त पानांचा हिरवा आणि फळांचा तांबूस रंग मूळचा नसावा, कारण त्या ग्रंथाच्या बहुतेक प्रती काळ्या शाईतच छापलेल्या आहेत. सुट्या चित्रांना गिऱ्हाईक मिळावे म्हणून रंग मागाहून चढवला जातो. हे मी बोललो नाही. एवढेच विचारले, की ह्या चित्राबरोबर मजकुराचे पान मिळाले का? "मजकूर? तो लॅटिनमध्ये असतो म्हणे. त्याचे काय करायचे?"

उत्तर प्रामाणिक होते, आणि त्यात काही चुकीचे आहे असे यजमानांना वाटण्याचे कारणही नव्हते. परंतु मराठीच्या अध्यापकाला ते सहजासहजी विसरता येण्यासारखे नव्हते. का, ते सांगण्यासाठी त्या ग्रंथाची हकीकत थोडी विस्ताराने सांगावी लागेल.

हेन्ड्रिक व्हान रीड हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारातील मुख्य अंमलदार. १६७० ते १६७७ अशी सात वर्षे तो कोचीनला होता. कंपनीच्या माणसांसाठी लागणारी औषधे युरोपातून मागवण्याऐवजी इथल्याच वनस्पतींपासून का करू नयेत, हा त्याचा एक हेतू. आणि सिंहलद्वीपाच्या तुलनेत कोचीनचे महत्त्व कंपनीच्या नजरेत भरावे, हा दुसरा. शुद्ध ज्ञानलालसा शोधू जाल तर तीही सापडते, पण ती ह्या दोन हेतूंत मिसळलेली. ह्या उद्योगातून बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ उभा राहिला. तो ॲम्स्टरडॅमला १६७८ पासून १६९३ पर्यंत छापला गेला. सातशे चाळीसच्या आसपास वनस्पतींची वर्णने आणि सुमारे आठशे ताम्रपट्टांवरून छापलेली चित्रे त्यात आहेत. शेवटचे खंड निघाले तेव्हा व्हान रीड हयात नव्हता. १६९१ मध्ये सुरतेकडे जाताना जहाजावरच त्याचा मृत्यू झाला. सुरतेत त्याची कबर आहे.

हा ग्रंथ लॅटिन कसा झाला, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. माहिती सांगणारा मुख्य माणूस इट्टी अच्युदन हा मलबारातील वैद्य. त्याने पिढीजात ताडपत्रांच्या आधारे मल्याळममध्ये सांगितले. दुभाष्याने त्याचे पोर्तुगीज केले. पोर्तुगीजवरून डच झाले आणि डचवरून लॅटिन. चार भाषांच्या ओंजळींतून आलेले पाणी आहे हे! त्यात काय सांडले आणि काय मिसळले, ह्याचा अदमास आज करणे कठीण. मात्र व्हान रीडने एक गोष्ट अशी केली, जी त्या काळाच्या रिवाजात बसणारी नव्हती. ज्यांनी सांगितले त्यांच्याकडून त्याने लेखी प्रमाणपत्रे घेतली आणि ती पहिल्या खंडाच्या आरंभी छापली. त्यांतील एक अच्युदनचे. दुसरे तीन गौड सारस्वत ब्राह्मणांचे: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट.

हे तिघे मूळच्या गोमंतकीय समाजातले. पोर्तुगिजांच्या धर्मछळापायी गोवा सोडून ह्या समाजातील अनेक कुटुंबे दक्षिणेस कोचीनपर्यंत गेली होती. त्यांच्या प्रमाणपत्राची भाषा कोकणी आहे आणि लिपी नागरी. काळ एप्रिल १६७५. रायगडावरच्या राज्याभिषेकाला अद्याप वर्षही झालेले नव्हते. आपण दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ ह्या कामी खर्च केली, माणसे पाठवून वनस्पती आणवल्या आणि आपल्या निघंटूच्या आधारे त्यांची नावे व गुण सांगितले, अशा आशयाचा तो मजकूर. खिळ्यांचा टंक हाताशी नसल्यामुळे ॲम्स्टरडॅमच्या कारागिराने ती अक्षरे तांब्यावर जशीच्या तशी कोरली. त्याला त्यांतले एकही वाचता येत नसणार. नागरी अक्षरे ॲम्स्टरडॅमच्या कागदावर उमटली ती ही पहिली वेळ नव्हे. किर्खरच्या १६६७ मधील चीनविषयक ग्रंथात ती आली होती. पण तिथे ती नवलाईची वस्तू म्हणून आली होती. इथे तीन माणसे स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या भाषेत, आपण काय काम केले ते सांगत आहेत. फरक लहान नाही.

तुलनेसाठी पुढच्या शतकातले एक उदाहरण पुरे. विल्यम रॉक्सबर्गचा कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचा ग्रंथ १७९५ ते १८२० ह्या काळात लंडनला तीन खंडांत निघाला. त्यात तीनशे चित्रे आहेत आणि त्यांची मूळ रेखाटने भारतीय चित्रकारांची आहेत. त्या चित्रकारांना ग्रंथात नाव नाही.

आता त्या भिंतीवरच्या चित्राकडे परत येऊ. निसर्गविषयक जुन्या सचित्र ग्रंथांच्या बाजारात एक साधा हिशेब चालतो. पूर्ण ग्रंथाला जी किंमत येते, तीपेक्षा त्यातली चित्रे सुटी विकून येणारी बेरीज पुष्कळदा अधिक भरते. ग्रंथ अपुरा असेल, एखादा खंड हरवला असेल किंवा बांधणी खिळखिळी झाली असेल, तर संग्राहक तो घेत नाही. आणि मग व्यापारी दोरा कापतो. चित्रे चौकटीत जातात. मजकुराच्या पानांना गिऱ्हाईक नसते. 'हॉर्टस'ची सुटी चित्रे अशीच हिंडत असतात. अशा प्रतीत रंग भटांचे पान कुठे गेले, हे विचारायला कुणी मागे राहत नाही. त्यावर एकही पान-फूल नाही, म्हणून ते भिंतीवर लागण्याजोगेही नाही. आणि नेमके तेवढेच पान आपले आहे.

ह्या व्यवहाराची सगळी जबाबदारी व्यापाऱ्यांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. चित्र आणि मजकूर ह्यांची फारकत कधीकधी ग्रंथकारच करतो. ऑड्युबॉनचे 'बर्ड्स ऑफ अमेरिका' १८२७ ते १८३८ ह्या काळात निघाले. ४३५ चित्रे, कागद सव्वातीन फूट उंच, कारण प्रत्येक पक्षी जिवंत मापाचाच दाखवायचा हा त्याचा हट्ट. २०१० मध्ये त्याची एक प्रत लंडनच्या लिलावात त्र्याहत्तर लाख पौंडांवर गेली. ह्या ग्रंथात मजकूरच नाही! मजकूर असता तर इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे ठरावीक ग्रंथालयांना फुकट प्रती द्याव्या लागल्या असत्या, आणि इतक्या महागड्या प्रती फुकट वाटणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून पक्ष्यांची वर्णने त्याने वेगळ्या पाच खंडांत छापली. ते पाच खंड लिहिताना मॅकगिलिव्हरी ह्या स्कॉटिश पक्षितज्ज्ञाची फार मदत झाली होती. ऑड्युबॉनचे पक्षी सर्वांना ठाऊक आहेत. मॅकगिलिव्हरीचे नाव किती जणांना ठाऊक असते?

संग्राहकांविषयी बोलताना सूर कडवट होतो खरा, पण संग्राहक नसते तर हे ग्रंथ उरलेच नसते. ह्या बाबतीत आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) ह्यांनी युरोपीय भाषांतील हजारो पुस्तके जमवली. सत्ता इंग्रजांकडे गेलेली. राजाला राज्य उरले ते किल्ल्याच्या आत. ह्या रिकाम्या झालेल्या राजपणात त्यांनी ग्रंथ, औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे, प्राणी-वनस्पतींची चित्रे असा पसारा मांडला, छापखाना घातला आणि चित्रकारांकडून निसर्गचित्रे काढवून घेतली. पुस्तक हाती आले की त्यावर ते इंग्रजीत स्वाक्षरी करीत. आजच्या लिलावात अशी सही पुस्तकाचा भाव वाढवते. पण ती सही केली गेली ती पुस्तक आपल्या वाचनात आहे हे सांगण्यासाठी, असे मला वाटते. सरस्वती महालातील हा संग्रह फुटला नाही, ह्याचे श्रेय राजांच्या हौसेइतकेच पुढे तो सार्वजनिक झाला ह्या गोष्टीला आहे. वारसांत वाटणी झालेले किती खासगी संग्रह अखंड राहतात?

आणि जे कधी छापलेच गेले नाही त्याचे काय? ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण राष्ट्रीय सभेच्या संदर्भात वाचतो. १८८५ मधील तिचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले. पण तोपर्यंतचे त्याचे आयुष्य पक्ष्यांना वाहिलेले होते. सिमल्याच्या त्याच्या घरात पक्ष्यांच्या कातड्यांचा प्रचंड संग्रह होता आणि भारतीय पक्ष्यांवरील नियोजित महाग्रंथाची वर्षानुवर्षे साठवलेली टिपणे होती. १८८४ च्या हिवाळ्यात तो बाहेरगावी असताना एका नोकराने ती टिपणे बाजारात रद्दीच्या भावाने विकली. कितीतरी मण कागद. पुड्या बांधण्यात गेला असेल. ह्यूमने त्यानंतर ग्रंथाचा नाद सोडला आणि ऐंशी हजारांच्या घरात भरणारे नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. कातडी आजही इंग्लंडमध्ये आहेत. शब्द मात्र सिमल्याच्या वाण्यांकडे गेले.

व्हान रीडच्या ग्रंथाच्या बाबतीत हे शब्द परत आणण्याचे काम एका माणसाने केले, हे इथे नोंदवलेच पाहिजे. केरळातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक के. एस. मणिलाल ह्यांनी आयुष्यातील तीस-पस्तीस वर्षे त्या लॅटिनवर घालवली. त्यांचे बारा खंडांचे इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३ मध्ये आणि मल्याळम भाषांतर २००८ मध्ये प्रसिद्ध केले. २०२५ च्या पहिल्या दिवशी ते निवर्तले. वनस्पतींची ओळख पटवण्यासाठी चित्रे आवश्यकच होती. लिनियसने दिलेल्या अनेक नावांचा मूळ पुरावा म्हणजे आजही ह्या ग्रंथातील चित्रच धरले जाते. परंतु कुठले झाड कोणी, कशासाठी, कोणत्या आधाराने सांगितले हे चित्र बोलत नाही. आता जुने खंड संगणकावरही मोफत पाहता येतात. मी ते प्रमाणपत्राचे पान तिथे काढले आणि एम. ए. च्या वर्गाला दाखवले. अक्षरांचे वळण अनोळखी, कोरणाऱ्याचा हात अडखळलेला. पहिली ओळ लागायला अर्धा तास गेला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठले नाही, हे मला अध्यापनाच्या वीस वर्षांत फार वेळा पाहायला मिळालेले नाही.

माझा स्वतःचा संग्रह? प्राध्यापकाच्या पगारात दुर्मिळ निसर्गग्रंथ जमवता येत नाहीत. पण बाजाराचा उलटा हिशेब मला फायद्याचा ठरला. बरीच वर्षे मी चित्रे गेलेली पुस्तके घेत आलो आहे. ती वजनावर मिळतात. पहिले मिळाले ते पुण्याच्या जुन्या बाजारात: 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील स्टुअर्ट बेकरचा पक्ष्यांवरील एक खंड. शिक्का एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा, त्यावर 'रद्द' असा दुसरा शिक्का. रंगीत चित्रे ब्लेडने कापून नेलेली. बहुधा कुणाच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत चिकटवली गेली असावीत. शिवणीपाशी कागदाच्या अरुंद पट्ट्या तेवढ्या उरल्या आहेत.

मजकूर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शाबूत आहे. ड्रॉंगो पक्ष्याच्या वर्णनाशेजारी समासात पेन्सिलीने, बारीक बाळबोध अक्षरात कुणीतरी लिहिले आहे: कोतवाल. त्याखाली, ओतूर, मार्च १९४१. आणि त्याखाली आणखी एक ओळ आहे, की घरटे आंब्यावर होते आणि त्यात तीन अंडी होती.